‘द फिनिक्स सिटी स्टोरी’ (१९५५): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट नेमका कोणता, आणि कशाबद्दल आहे?

‘द फिनिक्स सिटी स्टोरी’ हा १९५५ सालचा अमेरिकन कृष्णधवल गुन्हेपट. दिग्दर्शक फिल कार्लसन, पटकथा क्रेन विल्बर आणि डॅनियल मेनवेअरिंग यांची, निर्मिती अलाइड आर्टिस्ट्स या लहानशा कंपनीची. अलाबामा राज्यातलं एक शहर जुगाराच्या टोळीने कसं मुठीत ठेवलं होतं, त्या टोळीविरुद्ध निवडणूक लढवणाऱ्या ॲल्बर्ट पॅटरसन या वकिलाचा खून कसा झाला, आणि त्यांच्या मुलाने पुढे काय केलं, ही त्याची गोष्ट. खून १८ जून १९५४ रोजी झाला आणि चित्रपट पुढच्याच वर्षी थिएटरात लागला. खटले अजून चालू असतानाच कॅमेरा त्या गावात पोचला होता. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत, त्याची नोंद झाली.

हे ॲरिझोनातलं फीनिक्स का?

नाही. फिनिक्स सिटी अलाबामात, रसेल काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), चॅटाहूची नदीच्या काठावर आहे. पलीकडच्या काठावर जॉर्जिया राज्यातलं कोलंबस, आणि कोलंबसला लागून फोर्ट बेनिंग ही सैन्याची प्रचंड छावणी. शहराच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ओ’ नाही. चित्रपट शोधताना तो ‘ओ’ घातला की भलतंच काही समोर येतं.

एवढंसं गाव इतकं बिघडलं कसं?

१९५० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे तेवीस हजार. आधी इथे गिरार्ड आणि फिनिक्स सिटी अशी दोन गावं होती, ती १९२३ मध्ये एक झाली. बाकी सगळं भूगोलाने केलं. पूल ओलांडला की राज्य बदलतं, आणि राज्य बदललं की कायदा आणि पोलीसही बदलतात. जॉर्जियातल्या गिऱ्हाइकाला मौजमजेसाठी पायी जाता येईल इतकं हे गाव जवळ, आणि जॉर्जियाच्या पोलिसांच्या हद्दीबाहेर.

महामंदीत शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नाक्यानाक्यावरच्या धंद्यांकडून परवाना शुल्क आणि दंडाच्या नावाने पैसे घेणं ही नगरपालिकेची सवय झाली. एकदा शहराचा खर्च जुगाराच्या पैशावर चालायला लागला की जुगार बंद करा म्हणणारा माणूस शहराचाच शत्रू ठरतो. दुसऱ्या महायुद्धात फोर्ट बेनिंगमध्ये सैनिकांचा लोंढा आला आणि पगाराच्या दिवशी चौदाव्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरेनाशी झाली. स्लॉट मशिनं, आकड्यांची लॉटरी (तिला तिथे ‘बग’ म्हणत), वेश्याव्यवसाय, बेकायदा दारू, सगळं एका रस्त्यावर.

चित्रपटात फसवणुकीचं सामान तयार होताना दिसतं: शिसं भरलेले फासे, खुणा केलेले पत्ते. ते नुसतं रंगत आणायला घातलेलं नाही. या गावात जुगार खेळला जात होता म्हणणं अर्धंच खरं आहे. जुगारात गिऱ्हाईक कधीतरी जिंकू शकतं, इथल्या टेबलावर ती शक्यता फाशाच्या एका कोपऱ्यात शिसं भरून आधीच काढून टाकलेली असे.

चित्रपट किती मिनिटांचा? वेगवेगळ्या प्रतींची लांबी वेगळी का दिसते?

पूर्ण प्रत सुमारे १०० मिनिटांची आहे. त्यातली सुरुवातीची तेरा मिनिटं मुलाखतींची: वार्ताहर क्लीट रॉबर्ट्स हातात मायक्रोफोन घेऊन गावातल्या खऱ्या माणसांशी बोलतो. ही प्रस्तावना काढलेल्या प्रतीही फिरल्या, त्या साधारण ८७ मिनिटांच्या भरतात. पाहायला बसण्याआधी लांबी तपासा. ८७ दिसली तर तुमच्याकडे अर्धवट माल आहे.

ती तेरा मिनिटं कंटाळवाणी आहेत. पुढे ढकलली तर चालेल का?

चालेल, पण एक गोष्ट हातची जाईल. पत्रकार एड स्ट्रिकलंड, सुधारणावादी ह्यू बेंटली आणि ह्यू ब्रिटन, कोर्टाच्या इमारतीत काम करणारे क्विनी केली आणि शेवटी ॲल्बर्ट पॅटरसन यांच्या पत्नी ॲग्नेस, अशी ही माणसं एकेक करून समोर येतात. त्यांना अभिनय येत नाही. वाक्य पाठ केल्यासारखं येतं, मध्येच अडखळतं, नजर कॅमेऱ्यावरून सरकते. नंतर नटांची कथा सुरू होते तेव्हा तो अवघडलेपणा मनात राहिलेला असतो, त्यामुळे पडद्यावर कुणाला मार बसला की ‘हा चित्रपट आहे’ असं स्वतःला सांगणं सोपं जात नाही. थेट मुख्य कथेपासून सुरुवात केली तर हाच चित्रपट बराचसा नेहमीचा टोळीपट वाटतो. पहिल्यांदा पाहताना तरी प्रस्तावना सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कथा काय आहे? (शेवट उघड केला आहे, न पाहिलेल्यांनी हा प्रश्न सोडून पुढे जावं.)

रेट टॅनर (एडवर्ड अँड्र्यूज) हा गावातल्या धंद्याचा सूत्रधार. ॲल्बर्ट पॅटरसन (जॉन मॅकिन्टायर) वयस्क वकील, काठीचा आधार घेऊन चालणारे. त्यांना ना टोळीत जायचंय, ना टोळीविरुद्धच्या गटात. त्यांचा मुलगा जॉन (रिचर्ड कायली) सैन्यातली नोकरी संपवून जर्मनीहून बायकामुलांसह परततो. सुधारणावाद्यांना झालेली मारहाण तो डोळ्यांनी पाहतो आणि भांडणात उतरतो. टॅनरच्या ‘पॉपी क्लब’मध्ये झाडलोट करणारा झीक वॉर्ड (जेम्स एडवर्ड्स) जॉनच्या मदतीला येतो आणि त्याची किंमत त्याच्या लहानग्या मुलीला द्यावी लागते. क्लबमध्ये पत्ते वाटणारी एली ऱ्होड्स (कॅथरिन ग्रँट) आणि तिच्यावर प्रेम करणारा फ्रेड गेज ही तरुण जोडी कात्रीत सापडते. फ्रेडचा मृतदेह सापडतो आणि पंच तो अपघात ठरवून मोकळे होतात. तेव्हा कुठे थोरले पॅटरसन राज्याच्या ॲटर्नी जनरल पदासाठी उभे राहायला तयार होतात. निवडून येतात आणि मारले जातात. पुढे एलीचाही बळी जातो. जॉन टॅनरला नदीत बुडवून मारण्याच्या बेतात असताना झीक त्याला आवरतो. मग जॉन राजधानी माँटगोमेरीला फोन लावतो आणि सैन्य येतं.

ॲटर्नी जनरलसाठी ते ‘प्रायमरी’ जिंकले होते, खरी निवडणूक व्हायची होती. मग टोळी एवढी घाबरली का?

कारण त्या काळच्या अलाबामात प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, हीच खरी निवडणूक होती. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाचंच राज्य होतं, रिपब्लिकन उमेदवार नावापुरता. पक्षाची उमेदवारी मिळाली की नोव्हेंबरचं मतदान म्हणजे निव्वळ उपचार.

पहिली फेरी ४ मे १९५४ ला झाली. कुणालाच निम्म्याहून अधिक मतं मिळाली नाहीत, म्हणून आघाडीच्या दोघांत १ जूनला दुसरी फेरी झाली: ॲल्बर्ट पॅटरसन विरुद्ध ली पोर्टर. पॅटरसन यांनी प्रचारात उघडपणे सांगितलं होतं की निवडून आलो तर फिनिक्स सिटी साफ करीन. ॲटर्नी जनरल हा राज्याचा सर्वोच्च सरकारी वकील. स्थानिक सरकारी वकील, शेरीफ (काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख), न्यायाधीश खिशात असले तरी वरून येणाऱ्या या माणसाला अडवता येत नाही. जानेवारी १९५५ मध्ये ते पदावर बसले असते.

मतं चोरायची कशी? चित्रपटात तर नुसती मारामारी दिसते.

हा सर्वांत चांगला प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

चित्रपटातली मतदानाच्या दिवसाची दृश्यं दणकट आहेत: केंद्राबाहेर गुंड उभे, मतदारांना बाहेर ओढून मारतायत, रक्ताळलेली तोंडं. यात अतिशयोक्ती वाटते, पण असं घडलेलं होतं. मे १९५२ मधल्या मतदानाच्या दिवशी फिनिक्स सिटीत ह्यू बेंटली आणि त्यांच्या सोबत्यांना केंद्राजवळ भर दिवसा मारहाण झाली. त्याच वर्षी जानेवारीत बेंटलींचं घर डायनामाइटने उडवलं होतं. त्यांचा गुन्हा काय, तर १९५१ मध्ये ‘रसेल बेटरमेंट असोसिएशन’ ही सुधारणावादी संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता.

पण मारहाण हे निवडणूक चोरण्याचं सगळ्यात महागडं साधन. ती दिसते, तिचे फोटो निघतात, जखमी माणूस साक्ष देतो. सराईत यंत्रणा आधी तीन शांत मार्ग वापरते.

पहिला मार्ग मतदारयादीचा. अलाबामात मत देण्यासाठी वर्षाला दीड डॉलर ‘पोल टॅक्स’ भरावा लागे आणि तो थकला की साठत जाई. १९५३ च्या दुरुस्तीनंतर थकबाकी दोन वर्षांपुरती, म्हणजे तीन डॉलरवर थांबली. गरिबाला ही रक्कम जड. मग टोळीचा माणूस ती भरतो आणि पावती स्वतःकडे ठेवतो. पावती ज्याच्या हातात, मत त्याचं. त्यात शहराबाहेरच्या, अगदी नदीपलीकडच्या लोकांची नावं घुसडली की यादी हवी तेवढी फुगते. याचा पुरावा शोधायचा तर घरोघरी पत्ते तपासत फिरावं लागतं, आणि ते काम ज्याने करायचं तो शेरीफही त्याच यादीवर निवडून आलेला.

दुसरा मार्ग केंद्रातल्या माणसांचा. पेटीजवळ आपला माणूस बसवला की कुणाची ओळख कडकपणे विचारायची आणि कुणाची सोडून द्यायची, हे तो ठरवतो.

तिसरा मार्ग मोजणीनंतरच्या कागदाचा. इथेच १९५४ ची खरी चोरी झाली.

ती ६०० मतांची भानगड काय होती?

दुसऱ्या फेरीचा निकाल अगदी काठावरचा होता. पॅटरसन पुढे, पण फरक इतका कमी की काही शे मतं इकडची तिकडे झाली तर चित्र बदलू शकलं असतं. तेव्हा जेफरसन काउंटीच्या, म्हणजे बर्मिंगहॅम शहराच्या, मतमोजणी तक्त्यांवरचे आकडे बदलून पोर्टर यांच्या खात्यात ६०० मतं वाढवण्यात आली. हे काम फिनिक्स सिटीत झालं नाही आणि कुणाच्या डोक्यात दांडकाही बसला नाही. पेन पुरलं.

असं करणं शक्य का झालं हे पाहायचं तर कागद कसा फिरतो ते पाहा. केंद्रावर मतं मोजली की आकडे तक्त्यावर उतरतात. तक्ते काउंटीच्या पक्षसमितीकडे जातात, कारण प्रायमरी ही पक्षाची निवडणूक, मोजणीचं प्रमाणपत्रही पक्षाचंच. तिथे बेरीज होऊन ती राज्य समितीकडे जाते. मतपेटी फोडायची तर कुलूप, सील आणि साक्षीदार आडवे येतात. तक्ता मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना थोडा वेळ एक-दोघांच्याच ताब्यात असतो.

समजा एका केंद्रावर उमेदवाराला ३७ मतं आहेत. पुढे एक उभी रेघ ओढली की १३७ होतात. खाडाखोड नाही, खोडरबर नाही. अशी सहा केंद्रं निवडली की ६०० मतं तयार. (हे उदाहरण समजावण्यापुरतं, तक्त्यांवरचे नेमके आकडे हे नव्हेत.) मोठी काउंटी निवडण्याचं कारणही हेच: केंद्रं भरपूर, मतं भरपूर, शंभराची भर बेरजेत विरून जाते. रसेल काउंटीसारख्या छोट्या जागी ती लगेच उठून दिसली असती.

आता असा डाव फसतो कुठे? एकाच केंद्रावर त्याच दिवशी इतर पदांसाठीही मतदान झालेलं असतं. एका पदाची बेरीज शेजारच्या पदापेक्षा अचानक शंभराने जास्त आली, किंवा केंद्रावर आलेल्या माणसांपेक्षा मतं जास्त निघाली, तर कारकुनालाही कळतं. शिवाय मोजणीच्या रात्री केंद्रावर उभ्या असलेल्या लोकांनी मूळ आकडा ऐकलेला असतो, वार्ताहरांनी टिपलेला असतो. एक तक्ता बदलता येतो, सगळ्यांच्या वह्या बदलता येत नाहीत.

बर्मिंगहॅममध्ये ग्रँड ज्युरीची, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची, चौकशी बसली. काउंटीचा पक्षाध्यक्ष लामार रीड याने या फेरफारात आपला हात असल्याचं पुढे कबूल केलं. संशयाची सुई गेली ती तेव्हाच्या पदावरच्या ॲटर्नी जनरल सायलस गॅरेट यांच्याकडे आणि रसेल काउंटीचे सरकारी वकील आर्च फेरेल यांच्याकडे. आणि सगळं करूनही पॅटरसन जिंकलेच. त्यांची या चौकशीत साक्ष व्हायची होती, त्याआधीच त्यांना गोळ्या घातल्या.

चित्रपटात ही ६०० मतं का दिसत नाहीत?

मुख्य कथेत ही कागदावरची चोरी दृश्य म्हणून उलगडत नाही, हे चित्रपटाचं सर्वांत मोठं उणेपण. दोन कारणं उघड आहेत. तक्त्यावर रेघ ओढणारा हात दाखवण्यापेक्षा दगड, दांडके आणि रक्त पडद्यावर जास्त बोलतं. आणि दुसरं म्हणजे चित्रीकरण चालू होतं तेव्हा प्रकरण न्यायालयात होतं, माणसं जिवंत होती आणि त्यांतले काही स्वतः वकील होते. राज्याचा ॲटर्नी जनरलच कटात दाखवणं एका छोट्या कंपनीला झेपणारं नव्हतं. परिणाम असा की पाहणाऱ्याची समजूत होते की गुंडांनी खून केला. सरकारी खुर्च्यांवर बसलेल्यांवरच खुनाचे आरोप झाले होते, हे पडद्यावरून कळत नाही.

मग खून नेमका कोणी केला? शिक्षा झाली का?

१८ जून १९५४, शुक्रवार. रात्री कुल्टर बिल्डिंगमधल्या कार्यालयातून निघून पॅटरसन शेजारच्या बोळात उभ्या केलेल्या गाडीपाशी गेले आणि तिथेच त्यांच्यावर जवळून गोळ्या झाडल्या गेल्या.

तिघांवर खुनाचे आरोप ठेवले गेले. मुख्य डेप्युटी शेरीफ ॲल्बर्ट फुलर दोषी ठरला, १९५५ मध्ये जन्मठेप झाली, दहा वर्षांनी पॅरोलवर सुटला. आर्च फेरेल यांची ज्युरीने निर्दोष मुक्तता केली. त्या वेळी आपण गॅरेट यांच्याशी लांब पल्ल्याच्या फोनवर बोलत होतो, हा त्यांचा बचाव होता. सायलस गॅरेट यांच्यावर खटला कधी उभाच राहिला नाही. ते टेक्सासमधल्या मनोरुग्णालयात दाखल झाले होते.

नावाची गल्लत टाळा: बळी ॲल्बर्ट पॅटरसन, दोषी ॲल्बर्ट फुलर. घाईत वाचणारे हमखास इथे घसरतात.

रेट टॅनर हा खरा माणूस होता का?

या नावाचा नव्हता. पात्र काल्पनिक आहे, पण जुगाराचा धंदा चालवणाऱ्या खऱ्या मालकांच्या, विशेषतः हॉइट शेफर्ड याच्या, सावलीत घडवलेलं आहे. इथे चित्रपटाने एक अडचणीची गोष्ट गुळगुळीत केली. हॉइट शेफर्डवर १९४६ मध्ये खुनाचा खटला भरला होता, तेव्हा त्याचा बचाव करणाऱ्या वकिलांत ॲल्बर्ट पॅटरसनही होते. चित्रपटातले पॅटरसन कुंपणावर बसलेले दिसतात. प्रत्यक्षात ते एकेकाळी कुंपणाच्या त्या बाजूला जाऊन आले होते. म्हणून त्यांचं पुढचं वळण कमी मोलाचं ठरत नाही, पण पडद्यावर ते जितकं सोपं दिसतं तितकं नव्हतं.

एडवर्ड अँड्र्यूज यांचा हा पहिलाच चित्रपट. टॅनर पॅटरसन यांच्या कार्यालयात येऊन बसतो ते दृश्य लक्ष देऊन पाहा. आवाज चढत नाही, धमकी नाही. शेजारच्या दुकानदाराने गप्पा मारायला यावं तसा तो येतो, खुर्चीत सैलावतो, जुन्या ओळखीच्या आपुलकीने आपल्याकडून काम करायचं सुचवतो. दोघं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, ही त्यातली खरी भीती. अनोळखी गुंडाला दार बंद करता येतं.

झीक वॉर्ड आणि त्याच्या मुलीचा खून: हे घडलं होतं का?

नाही. झीक हे पात्र आणि मुलीचा खून, दोन्ही पटकथेची भर. धावत्या गाडीतून मुलीचा मृतदेह पॅटरसन यांच्या अंगणात फेकला जातो, जॉनच्या मुलांचंही असंच होईल अशा धमकीसह. त्यानंतर पोलीस रेडिओवर ज्या थंडपणाने आणि ज्या वंशद्वेषी शब्दात त्याची खबर देतो, ते वाक्य १९५५ च्या अमेरिकन चित्रपटात कसं टिकलं याचं आजही नवल वाटतं. मूल कोण, नाव काय, याची त्याला फिकीर नाही. हद्दीत कचरा पडल्याची तक्रार आल्यासारखा स्वर.

झीक हा सुडाच्या क्षणी सबुरी सांगणारा एकमेव माणूस, आणि ज्याचं सर्वांत जास्त गेलं तोही तोच. भूमिका उदात्त आहे, पण त्यात एक सोयही आहे: कृष्णवर्णीय पात्राने सोसायचं आणि गोऱ्या नायकाला शहाणं करायचं. आणखी एक पोकळी बघा. चित्रपट मतदानाच्या हक्काबद्दल इतका पोटतिडकीने बोलतो, पण झीकला मत देता येतं का, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. त्या काळच्या अलाबामात बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं यादीतच नव्हती.

शेवटी सैन्य येतं ते खरं का?

खरं, फक्त एका फोनवर आलं नाही. खुनानंतर लगेच नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवान गावात उतरले. महिनाभर स्थानिक पोलिसांसोबत काम करून काही निष्पन्न होईना, तेव्हा २२ जुलै १९५४ ला गव्हर्नर गॉर्डन पर्सन्स यांनी लष्करी अंमल जाहीर केला आणि जनरल वॉल्टर हॅना यांच्या माणसांनी शेरीफ व पोलिसांची शस्त्रं काढून घेतली. बाहेरचे न्यायाधीश आले, वॉल्टर बी. जोन्स. आरोपपत्रं सातशेच्या वर गेली. लष्करी अंमल सुमारे सहा महिने टिकला. नदीपलीकडच्या कोलंबसच्या वृत्तपत्रांना या वार्तांकनासाठी १९५५ चं लोकसेवेचं पुलित्झर मिळालं.

जॉन पॅटरसन यांचं पुढे काय झालं?

वडिलांच्या जागी पक्षाने त्यांनाच उमेदवारी दिली आणि जानेवारी १९५५ मध्ये ते ॲटर्नी जनरल झाले, वय ३३. १९५८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना हरवून गव्हर्नरपदाची उमेदवारी मिळवली आणि १९५९ ते १९६३ ते गव्हर्नर होते. त्या प्रचारात त्यांच्यामागे क्लू क्लक्स क्लॅन ही गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणारी संघटना उभी होती आणि वंशभेद टिकवण्याच्या बाजूने ते वॉलेस यांच्याहून कडक होते.

त्याआधी, १९५६ मध्ये, ॲटर्नी जनरल या नात्याने त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं अलाबामातलं काम न्यायालयाकडून बंद पाडलं. तो मनाई हुकूम देणारे न्यायाधीश वॉल्टर बी. जोन्स, म्हणजे फिनिक्स सिटीच्या साफसफाईतलेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५८ मध्ये निकाल संघटनेच्या बाजूने लागला. उतारवयात पॅटरसन यांनी आपल्या त्या भूमिकेबद्दल खेद व्यक्त केला. २०२१ मध्ये, ९९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना हे सगळं माहीत असतं. मग रिचर्ड कायली झीकच्या बायकोसमोर उभा असतो तेव्हा ते दृश्य पहिल्यासारखं राहत नाही.

चित्रीकरण खरोखर त्याच गावात झालं?

हो, बाहेरची दृश्यं फिनिक्स सिटीतल्या खऱ्या रस्त्यांवर, आणि गर्दीत गावातले लोक. हॅरी न्यूमन यांचं छायाचित्रण मुद्दाम रुक्ष आहे: उजेड सपाट, चौकट कधी वेडीवाकडी, वार्तापटासारखी. स्टुडिओतल्या गुन्हेपटातल्या लांब सावल्या आणि देखणा धूर इथे शोधू नका. कार्लसन यांची खासियत म्हणजे मार. त्यांच्या चित्रपटात ठोसा बसलेला माणूस लगेच उठून कॉलर नीट करत नाही, तो पडून राहतो, कण्हतो, आणि कॅमेरा वाट पाहतो.

याला ‘फिल्म नॉयर’ म्हणायचं का?

फिल्म नॉयर म्हणजे काळोख्या, निराश सुराचे गुन्हेपट. संग्रहांत तो त्याच खणात ठेवतात. काटेकोर बोलायचं तर १९५० च्या दशकातल्या ‘शहरातला भ्रष्टाचार उघडा पाडणाऱ्या’ चित्रपटांच्या जातकुळीतला. पटकथाकार मेनवेअरिंग यांनी नॉयरचा उत्तम नमुना ‘आउट ऑफ द पास्ट’ लिहिला आहे आणि पुढच्याच वर्षीचा ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ही. त्यामुळे ‘ओळखीचं गाव आतून कुणाचं तरी झालंय’ ही भावना कुठून आली याचं नवल वाटत नाही.

मुलांसोबत पाहता येईल का?

लहान मुलांसोबत नको. रक्त कृष्णधवल असलं तरी लहान मुलीचा मृतदेह, स्त्रियांना झालेली मारहाण आणि वंशद्वेषी शिवी आहे. कॉलेजच्या वयाच्या मुलांना जरूर दाखवा, पण आधी पोल टॅक्स आणि प्रायमरी म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगा, नाहीतर निम्मा चित्रपट ‘हे लोक एका पक्षांतर्गत निवडणुकीसाठी का मरतायत’ यातच जातो.

संवाद कळत नाहीत. काय करावं?

दक्षिणेकडचा हेल, त्यात प्रस्तावनेतल्या खऱ्या माणसांचा आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित केलेला. इंग्रजी सबटायटल असलेली प्रत घ्या. नुसत्या कानांवर भिस्त ठेवायची तर पहिली तेरा मिनिटं आवाज वाढवून पाहा आणि ‘पॉपी क्लब’मधलं मेग माइल्स यांचं गाणं सुरू होण्याआधी तो कमी करायला विसरू नका. तिथे एकदम बँड वाजतो.